तटबंदी नसलेले ग्रंथालय

अमेरिकेत ३१ जानेवारी १९६९ या दिवशी 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्यात मेमरी आल्फा नावाचा एक लघुग्रह आहे. अनेक ग्रहांवरच्या लोकांनी मिळून तिथे एक प्रचंड ग्रंथालय उभारले आहे. सगळ्यांचा इतिहास, सगळ्यांचे विज्ञान एका जागी साठवले आहे. मात्र या ग्रंथालयाला संरक्षक कवच नाही. इथली माहिती सगळ्यांना खुलीच आहे, मग हिच्यावर हल्ला कोण कशाला करील, असा विचार ते उभारणाऱ्यांनी केला होता. गोष्टीत व्हायचे तेच होते. एक संकट येते, ग्रंथालयातली माणसे मरतात आणि साठवलेले ज्ञान पुसले जाते.

२००३ सालच्या अखेरीस या मालिकेच्या दोन चाहत्यांनी, हॅरी डोडेमा आणि डॅन कार्लसन यांनी, महाजालावर मालिकेचा एक कोश सुरू केला. त्याला त्यांनी नाव दिले, मेमरी आल्फा. हा कोशही तटबंदी नसलेलाच होता. कोणीही यावे, कोणतेही पान उघडावे, त्यातला मजकूर बदलावा. पान कोरे करावेसे वाटले तर तेही करता येई. तरीही हा कोश पुसला गेला नाही. आज त्यात पन्नास हजारांहून अधिक लेख आहेत आणि ते पगार न घेणाऱ्या हौशी मंडळींनी लिहिले आहेत.

'विकीवर कोणीही काहीही लिहितो, त्यावर विश्वास ठेवू नका,' असे आपण वर्गात मुलांना सांगतो. सांगण्यात चूक नाही. पण विज्ञानाच्या शिक्षकाला याच्या पुढचा प्रश्न पडायला हवा. कोणीही काहीही लिहू शकत असताना हे कोश टिकतात कसे? आणि नेमके कुठे फसतात? याचे उत्तर शोधायला आपल्याला मेमरी आल्फाच्याही आठ-नऊ वर्षे मागे जावे लागेल.

'पटपट' नावाची बस

वॉर्ड कनिंगहॅम हे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले संगणकतज्ज्ञ. आज्ञावली लिहिताना त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात आणि अनुभवी माणसांना त्यांची उत्तरे माहीत असतात. पण ती उत्तरे लिहून ठेवलेली नसतात. ती एका जागी गोळा करावीत, अशी कनिंगहॅम यांची इच्छा होती. प्रत्येकाने मजकूर पाठवायचा आणि आपण तो तपासून चढवायचा, यात फार वेळ गेला असता. त्यांनी सरळ प्रत्येक पानालाच 'बदला' अशी सोय जोडली. वाचणाऱ्याला वाटले तर त्याने तिथल्या तिथे लिहावे. २५ मार्च १९९५ रोजी हे संकेतस्थळ सुरू झाले.

त्याचे नाव ठेवताना त्यांना होनोलुलूचा विमानतळ आठवला. तिथे एका इमारतीतून दुसरीकडे नेणाऱ्या बसला 'विकी विकी' म्हणत. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. शब्द दोनदा म्हटला की घाई आणखी वाढते. आपल्या 'पटपट' आणि 'झटपट' या शब्दांची हीच तर गंमत आहे.

या पहिल्या विकीत दोन लहान युक्त्या होत्या. एक म्हणजे, लिहिताना एखाद्या अजून न लिहिलेल्या पानाचा उल्लेख केला, तर त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह उमटे. 'हे पान नाही, तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा,' असे ते जणू आमंत्रणच होते. आपल्याला काय माहीत नाही हे असे उघड दाखवणारी पुस्तके फारशी नसतात. दुसरी युक्ती म्हणजे 'अलीकडील बदल' हे पान. कुठल्या पानावर नुकतेच कोणी हात फिरवला, याची यादी तिथे सगळ्यांना दिसे. गावात नवा माणूस आला की पारावर बसलेल्यांना कळते, तसेच हे होते. पुढच्या सगळ्या विकींची राखण या साध्या यादीपासून सुरू झाली.

सात पायऱ्यांचा जिना

ज्ञानकोश म्हटला की आपल्यासमोर वेगळे चित्र येते. विद्वान लेखक, त्यांच्यावर संपादक, मग मुद्रितशोधन आणि छपाई. १९२०च्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश निघाला तो याच पद्धतीने. अशा कोशामागचे कष्ट मोठेच असतात. फक्त एक अडचण राहते. छापून गेलेली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते आणि पुढची आवृत्ती निघेलच याची खात्री नसते.

मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांनी 'न्यूपीडिया' हा मोफत ज्ञानकोश महाजालावर सुरू केला. लॅरी सँगर हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक त्याचे मुख्य संपादक होते. जाणकारांनी लिहायचे आणि प्रत्येक लेखाने तपासणीच्या सात पायऱ्या चढायच्या, असा नियम होता. हेतू चांगला होता, पण लेख जिन्यातच अडकू लागले. सप्टेंबर २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडला, तेव्हा पूर्ण तपासून झालेले लेख जेमतेम दोन डझन होते.

दरम्यान, या कोशाला कच्चा माल पुरवण्यासाठी विकीची पद्धत वापरून पाहावी, असे ठरले होते. त्यातून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यात सुमारे वीस हजार लेख झाले आणि अठरा भाषांत काम सुरू झाले. कच्चा माल ठेवायला बांधलेली पडवी मूळ घरापेक्षा मोठी झाली.

यावरून 'तपासणी नको, जाणकार नकोत' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. विकीतही तपासणी असतेच. ती फक्त प्रकाशनाच्या आधी न होता नंतर होते. आता नंतर तपासायचे, तर तोवर झालेले नुकसान भरून काढता आले पाहिजे. हे कसे साधले?

पुसले तरी न पुसणारी पाटी

वर्गातल्या फळ्यावर सुंदर आकृती काढायला अर्धा तास लागतो आणि ती पुसायला एक हात पुरतो. बहुतेक गोष्टींच्या बाबतीत असेच असते. घडवणे महाग आणि मोडणे स्वस्त. विकीने हे गणित उलटे केले. पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती साठवून ठेवली, तर कोणी पान कोरे केले तरी आधीची आवृत्ती दोन-चार कळा दाबून परत आणता येते. खोडसाळपणा करणाऱ्याला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळ दुरुस्त करणाऱ्याला लागतो. शिवाय दोन आवृत्ती शेजारी ठेवून नेमके कोणते शब्द बदलले, हे संगणकच दाखवतो. त्यामुळे तपासणाऱ्याला पूर्ण पान पुन्हा वाचावे लागत नाही.

ही सोय पहिल्या दिवसापासून पुरती नव्हती. विकिपीडिया सुरुवातीला ज्या आज्ञावलीवर चाले, ती जुन्या आवृत्त्या ठरावीक काळाने टाकून देत असे. जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी आज्ञावली वापरात आली. पुढे तिच्यातूनच आजची 'मीडियाविकी' घडली. तिच्यात इतिहास कायम राहू लागला. पहिल्या काही महिन्यांचे बदल मात्र हरवले, असेच बराच काळ समजले जाई. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या तंत्रज्ञाला जुन्या साठ्यात त्यांची प्रत सापडली आणि २००१ सालच्या ऑगस्टपर्यंतच्या नोंदी हाती आल्या. स्वतःचा इतिहास जपण्याचे मोल या कोशालाही ठेच लागूनच कळले.

म्हणजे गोष्टीतल्या मेमरी आल्फाला जे कवच हवे होते, ते खऱ्या मेमरी आल्फाला स्मरणशक्तीच्या रूपाने मिळाले. कवच भिंतीचेच असायला हवे असे नाही.

तीन मिनिटे की आठ दिवस?

स्मरणाचे हे कवच किती चांगले काम करते? आयबीएम कंपनीतल्या फर्नांडा व्हिएगस, मार्टिन वॉटनबर्ग आणि कुशल दवे यांनी इंग्रजी विकिपीडियाच्या पानांचा इतिहास तपासला. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. पानावरचा जवळजवळ सगळा मजकूर कोणी उडवला, तर तो किती वेळाने परत येतो, हे त्यांनी मोजले. उत्तर दोन प्रकारे देता येते. या वेळेचा मध्यक निघाला २.८ मिनिटे आणि सरासरी निघाली ७.७ दिवस.

एकाच माहितीतून निघालेल्या या दोन संख्यांत एवढे अंतर कसे? नववी-दहावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे. समजा, अकरा पानांची नासधूस झाली. त्यातली दहा पाने प्रत्येकी तीन मिनिटांत दुरुस्त झाली. अकरावे पान कोणाच्या नजरेस पडले नाही आणि ते ८८ दिवस तसेच राहिले. उतरत्या क्रमाने मांडून मधली संख्या घेतली, तर मध्यक तीन मिनिटे येतो. सरासरी काढली, तर ती आठ दिवसांच्या थोडी वर जाते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मध्यक सांगतो की बहुतेक नुकसान लगेच भरून निघते. सरासरी सांगते की कुठेतरी एखादे पान विसरले गेले आहे आणि तिथली चूक फार दिवस जगते.

विकीची बाजू घेणारे मध्यक सांगतात आणि टीका करणारे त्या विसरलेल्या पानाकडे बोट दाखवतात. २००५ साली असेच एक पान एका माणसाच्या वाट्याला आले.

स्पेलिंग सुधारले, खोटे राहिले

जॉन सीगनथॅलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. मे २००५ मध्ये कोणीतरी नाव न देता विकिपीडियावर त्यांच्याविषयी काही ओळी लिहिल्या. जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता, असे त्यात म्हटले होते. हे धादांत खोटे होते. तरीही सुमारे चार महिने ते तिथे राहिले आणि इतर संकेतस्थळांनीही ते जसेच्या तसे उचलले.

सीगनथॅलर यांनी २९ नोव्हेंबर २००५ रोजी 'यूएसए टुडे' या दैनिकात लेख लिहून हा प्रकार जगापुढे मांडला. त्यात त्यांनी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. मजकूर चढल्यानंतर काही दिवसांतच एका स्वयंसेवकाने तो पाहिला होता. त्याने त्यात एक बदलही केला होता. एका शब्दाचे चुकलेले स्पेलिंग त्याने दुरुस्त केले आणि तो पुढे गेला.

हे वाचून आम्हाला आमच्याच उत्तरपत्रिका आठवल्या. ऱ्हस्व-दीर्घाला लाल खूण करायची आणि 'वनस्पती रात्री श्वसन करतात, दिवसा प्रकाशसंश्लेषण' या वाक्याला बरोबरची खूण देऊन पुढे जायचे. वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात, हे ठाऊक असूनही. नजर फिरणे आणि तपासणे यांत फरक आहे. स्मरणाच्या कवचाची मर्यादा इथेच आहे. ते जुने परत आणून देते, पण खरे कोणते हे सांगत नाही. कोरे झालेले पान कोणाच्याही लक्षात येते, नीटनेटक्या भाषेत लिहिलेले खोटे येत नाही.

या प्रकरणानंतर, डिसेंबर २००५ मध्ये, इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवा लेख सुरू करता येणे बंद झाले. हयात व्यक्तींवरच्या लेखांसाठी कडक नियम आले आणि प्रत्येक विधानाला आधार मागण्याची सवय वाढत गेली.

काल्पनिक जगातला पुरावा

आधाराचा हा प्रश्न हौशी मंडळींनी त्याआधीच हाताळायला घेतला होता. मेमरी आल्फा तर काल्पनिक जगाविषयीचा कोश. जे अस्तित्वातच नाही त्याविषयी खरे काय आणि खोटे काय? पण याच प्रश्नामुळे तिथल्या लोकांना पुरावा म्हणजे काय, हे नेमके ठरवावे लागले.

त्यांनी ठरवले की मालिकांत आणि चित्रपटांत जे पडद्यावर दिसले किंवा ऐकू आले, तो पुरावा. या मालिकेवर शेकडो कादंबऱ्या निघाल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून कादंबरीतली गोष्ट मुख्य मजकुरात येत नाही, लेखाच्या शेवटी वेगळ्या मथळ्याखाली येते. 'असे असावे' हा चाहत्याचा तर्क कितीही हुशारीचा असला तरी काढला जातो. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या भागात आले, हे लिहायचे असते.

यात नवे साधन आले की नवा पुरावाही येतो. २०१२ पासून या मालिकांपैकी एका जुन्या मालिकेच्या अधिक सुस्पष्ट प्रती निघाल्या. आधी पडद्यावर नुसती पुसट दिसणारी अक्षरे आता वाचता येऊ लागली आणि ती वाचून नोंदी झाल्या. दुर्बीण सुधारली की तारकापुंजात जास्त तारे दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

कादंबऱ्या आवडणाऱ्यांना मुख्य नियम अर्थातच पटला नाही. पण भांडत न बसता २००५ साली 'मेमरी बीटा' हा वेगळा कोश निघाला. तिथे कादंबऱ्या आणि खेळही ग्राह्य धरले जातात. दोन्ही कोश नांदतात, कारण वाचणाऱ्याला कुठे कोणता निकष आहे हे माहीत असते.

राखण कोण करतो?

नियम लिहिले तरी राबवायला माणसे लागतात. प्रत्येक विकीवर काही अनुभवी सदस्यांना जास्तीचे अधिकार असतात. मराठी विकिपीडियावर त्यांना 'प्रचालक' म्हणतात. ते पान काही काळ कुलूपबंद करू शकतात, वगळू शकतात, त्रास देणाऱ्याला थोपवू शकतात. मात्र मजकूर कोणता असावा, याबाबत त्यांच्या मताला इतरांपेक्षा जास्त वजन नसते. दोघे जण हट्टाने एकमेकांचे बदल उलटवत बसले, तर एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा उलटवता येणार नाही, असा नियम इंग्रजी विकिपीडियाने २००४ पासून लागू केला. वाद चर्चेच्या पानावर करायचा. नियम साधा आहे, पण त्यामुळे चिकाटीपेक्षा कारणे देण्याला महत्त्व येते.

आणि पटलेच नाही तर? तर सगळा मजकूर घेऊन वेगळे होता येते, कारण या कोशांचा परवाना तशी मुभा देतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकी खेळाच्या चाहत्यांनी हे दोनदा केले. २००४ साली सुरू झालेला त्यांचा कोश एका कंपनीच्या संकेतस्थळावर होता. तिने पानांची मांडणी बदलल्यावर २०१० मध्ये बरेच संपादक प्रत घेऊन बाहेर पडले. त्यांनी 'वाउपीडिया' काढला. काही वर्षांनी तोही खरेदीविक्रीतून त्याच कंपनीकडे गेला. २०२३ मध्ये संपादक पुन्हा बाहेर पडले. दर वेळी मजकूर सोबत नेता आला, पण जुना पत्ता आणि त्यावर येणारे वाचक मागे राहिले. जमिनीची मालकी आणि पिकाची मालकी वेगळी असली की काय होते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

धूळपाटी आणि चावडी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात नवख्यांना सराव करण्यासाठी एक पान आहे. तिथे काहीही लिहावे, पुसावे. त्याचे नाव आहे 'धूळपाटी'. आपल्या पणजोबांनी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवली, तीच ही पाटी. सगळ्यांनी मिळून चर्चा करण्याच्या पानाला 'चावडी' म्हणतात. शिकण्याची जागा आणि निवाड्याची जागा अशा दोन्हींसाठी आपल्या भाषेत शब्द तयारच होते.

हे सगळे वर्गात आणायला संगणकच हवा असे नाही. शाळेच्या आवारातल्या आणि रस्त्यावरच्या झाडांची एक जाड वही करा. एका झाडाला एक उजवे पान द्या. कोणत्याही इयत्तेच्या मुलाने त्यात लिहावे, मात्र पुढील नियम पाळावेत:

१. प्रत्येक नोंदीखाली नाव आणि तारीख.

२. खोडरबर वापरायचा नाही. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, म्हणजे जुने वाचता येईल.

३. 'पाहिले', 'वाचले' आणि 'कोणी सांगितले' यांपैकी आधार कोणता, ते लिहायचे.

४. वाद समोरच्या डाव्या पानावर करायचा.

५. दर आठवड्याला दोन मुले राखणदार. त्यांनी नव्या नोंदी वाचून झाडापाशी जाऊन पडताळायच्या. स्वतःचे मत मात्र त्यांनीही इतरांसारखेच, नाव घालून लिहायचे.

सहा महिन्यांनी वही उघडा आणि खोडलेल्या ओळी मोजा. प्रत्येक चूक किती दिवसांनी पकडली गेली, त्याचा मध्यक आणि सरासरी दोन्ही काढायला मुलांना सांगा. कोणत्या झाडाच्या पानाकडे कोणी फिरकलेच नाही, तेही पाहा. बहुधा ते झाड कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यातले असेल. पुढच्या आठवड्याचे राखणदार तिथूनच सुरुवात करू द्या.